चौतिसाव्या खेळाडूचे काय?

अमेरिकेत शाळेच्या संघातून चांगला बेसबॉल खेळणारा मुलगा अकरावीत जाणार असला, की घरचे १ ऑगस्टची वाट पाहू लागतात. पहिल्या श्रेणीतल्या कॉलेजांच्या प्रशिक्षकांना त्या तारखेपासून मुलाशी थेट बोलण्याची मुभा असते. मग फोन येतात, कॅम्पस पाहायला या म्हणून बोलावणी येतात. प्रत्येक बोलावण्यात देऊ केलेल्या गोष्टी जवळजवळ त्याच असतात: फीमध्ये सवलत, नामांकित प्रशिक्षक, राखलेले मैदान, पावसातही सराव करता येईल अशी बंदिस्त जागा, दुखापतीवर लगेच उपचार, अभ्यासात मागे पडू नये म्हणून शिकवणी. आणि कुणी उघड बोलत नाही, पण सगळ्यांना ऐकू येते असे एक आश्वासन असते, की व्यावसायिक बेसबॉलच्या मोठ्या लीगची वाट इथूनच जाते.

हे पुस्तक या देऊ केलेल्या गोष्टींविषयी आहे. त्या खोट्या नसतात. मात्र संघातल्या पहिल्या दहाबारा जणांना डोळ्यांसमोर ठेवून त्या सांगितल्या जातात. आजच्या नियमांप्रमाणे पहिल्या श्रेणीतल्या मोठ्या कॉलेजांच्या संघात ३४ खेळाडू ठेवता येतात आणि मैदानात एका वेळी ९ उतरतात. एखादे कॉलेज खेळाडूला खरोखर काय देते, हे जाणून घ्यायचे असेल तर त्याच्या यादीत शेवटी नाव असलेल्या मुलाकडे पाहावे, असे माझे म्हणणे आहे. पुस्तकाची सगळी मांडणी याच एका म्हणण्याभोवती आहे.

मराठी वाचकाला हे विश्व सुरुवातीला परके वाटेल. आपल्याकडे खेळ आणि शिक्षण यांचे नाते दहावी-बारावीच्या निकालात मिळणारे क्रीडागुण आणि प्रवेशातला क्रीडा कोटा एवढ्यावर बहुधा संपते. मुंबईत एके काळी कॉलेज क्रिकेटला मोठा मान होता. १९३५ साली सुरू झालेल्या आंतरविद्यापीठ रोहिंटन बारिया करंडकातून कितीतरी खेळाडू वर गेले. तरी तिथे खरी पायरी होती ती क्लबची आणि जिमखान्याची. अमेरिकेत विद्यापीठच संघ चालवते. प्रशिक्षक विद्यापीठाचा पगारी नोकर असतो, मैदान विद्यापीठाच्या मालकीचे असते. लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या बेसबॉल मैदानात दहा हजारांहून जास्त प्रेक्षक बसतात, आणि अटीतटीच्या सामन्याला ते भरतेही.

हे सारे सुरू झाले ते मात्र विद्यार्थ्यांच्या हौसेतून. मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावी १ जुलै १८५९ रोजी अ‍ॅमहर्स्ट आणि विल्यम्स या दोन कॉलेजांमध्ये सामना झाला. दोन कॉलेजांमधला बेसबॉलचा हा पहिला सामना मानला जातो. अ‍ॅमहर्स्टने तो ७३ विरुद्ध ३२ असा जिंकला. नियम आजच्याहून वेगळे होते, म्हणून धावसंख्या अशी. दुसऱ्या दिवशी याच दोन कॉलेजांचे विद्यार्थी बुद्धिबळाच्या पटावरही भिडले. खेळ हा तेव्हा कॉलेजजीवनाचा एक भाग होता, त्याच्यावर कुणाचे पोट अवलंबून नव्हते.

पुढच्या काळात कॉलेजांमधून थोर खेळाडू निघाले, पण तुरळक. क्रिस्टी मॅथ्यूसन बकनेलचा, लू गेरिग कोलंबियाचा. जॉर्ज सिस्लर मिशिगन विद्यापीठात शिकत होता तेव्हा तिथे प्रशिक्षक होते ब्रँच रिकी. पुढे जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध करून मोठ्या लीगमधला वर्णभेद मोडणारे रिकी ते हेच. स्वतः रॉबिन्सन लॉस एंजेलिसच्या यूसीएलएत चार खेळ खेळला, आणि त्यांपैकी बेसबॉलमध्येच त्याची कामगिरी सर्वांत सुमार होती. त्या काळात मोठ्या लीगला खेळाडू मिळत ते गावोगावच्या मायनर लीगमधून. शाळा सुटल्यावर, कधी त्याआधीच, मुलगा करारावर सही करायचा आणि बसमधून गावे पालथी घालत खेळ शिकायचा. कॉलेजला जाणे हा त्याच्या दृष्टीने आडमार्ग होता.

१९४७ साली कॉलेजांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. पहिल्या अंतिम फेरीत कॅलिफोर्निया विद्यापीठाने येल विद्यापीठाला हरवले. येलच्या संघात पहिल्या बेसवर उभा असे थोरला जॉर्ज बुश, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. १९५० पासून ही स्पर्धा नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात भरते. आज ६४ संघ बाद फेऱ्यांत उतरतात आणि त्यांतले आठ ओमाहाला पोहोचतात. कॉलेज बेसबॉलमध्ये ‘ओमाहा’ एवढेच म्हटले तरी सगळे समजते.

खरे वळण आले १९६५ मध्ये. त्या वर्षी मोठ्या लीगने ड्राफ्ट सुरू केला, म्हणजे नवे खेळाडू संघांनी क्रमाने निवडण्याची पद्धत. पहिल्याच ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला तो रिक मंडे, अ‍ॅरिझोना स्टेटचा विद्यार्थी. या पद्धतीतला एक नियम नवख्याने नीट समजून घ्यावा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. शाळा संपताच मुलाची निवड होऊ शकते. पण त्याने सही न करता चार वर्षांच्या कॉलेजात प्रवेश घेतला, तर तिसरे वर्ष संपेपर्यंत किंवा वयाची २१ वर्षे पुरी होईपर्यंत व्यावसायिक संघ त्याला पुन्हा निवडू शकत नाहीत. म्हणजे अठराव्या वर्षी घरात बसून एक मोठा निर्णय घ्यायचा असतो: आजचे पैसे की तीन वर्षांनंतरचे?

कॉलेज जे देते त्याचा गाभा ही तीन वर्षे आहेत. आरन जज हे त्याचे ठळक उदाहरण. २०१० मध्ये शाळा संपली तेव्हा ओकलंडच्या संघाने त्याला निवडले, तेही एकतिसाव्या फेरीत. तो फ्रेस्नो स्टेट विद्यापीठात गेला, शरीर भरले, फटक्याला धार आली, आणि २०१३ मध्ये न्यूयॉर्क यँकीजने त्याला पहिल्या फेरीत घेतले. अठराव्या वर्षी कच्चा असलेला मुलगा एकविसाव्या वर्षी पिकतो, आणि तोवर त्याला सहसा कुणी काढून टाकत नाही. मायनर लीगमध्ये हा धीर क्वचितच धरला जातो. पण एक जज दाखवून सगळ्यांना भरती करता येते, हेही तितकेच खरे.

खेळ कसा शिकवायचा याविषयी कॉलेजांत वेगवेगळी घराणी तयार झाली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात रॉड डेडो यांनी मूलभूत गोष्टींची घोटीव तालीम दिली आणि १९७० ते १९७४ अशी सलग पाच अजिंक्यपदे मिळवली. फुलर्टनला ऑगी गरिडो यांच्याकडे ना पैसा होता ना मैदानाचा डौल. त्यांनी बंट (चेंडू जोरात न मारता हलकेच ढकलणे), चोरटी धाव आणि प्रतिस्पर्ध्याला चुका करायला लावणारे डावपेच यांवर संघ उभा केला. फुलर्टनला तीन अजिंक्यपदे मिळवून दिल्यावर टेक्सास विद्यापीठालाही त्यांनी दोन जिंकून दिली. लुइझियाना स्टेटमध्ये स्किप बर्टमन यांचा रस्ता उलटा होता, दणकट फलंदाज आणि चेंडू कुंपणापार. १९९१ ते २००० या दहा वर्षांत त्यांच्या संघाने पाच अजिंक्यपदे नेली.

या दणक्यामागे अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटचाही हात होता. लाकडी बॅटी तुटतात आणि खर्च वाढतो, म्हणून १९७४ पासून कॉलेजांत धातूच्या बॅटला परवानगी मिळाली. चेंडू इतका उसळू लागला की १९९८ ची अंतिम लढत २१ विरुद्ध १४ अशी संपली. पुढे बॅटची उसळ मोजून तिच्यावर मर्यादा घालण्यात आल्या, आणि २०११ च्या नियमांनंतर खेळ पुन्हा गोलंदाजाकडे झुकला. आताचे घराणे आकड्यांचे आहे. वेक फॉरेस्ट विद्यापीठात पिचरच्या, म्हणजे गोलंदाजाच्या, हाताची प्रत्येक हालचाल टिपणारी प्रयोगशाळा आहे. चेंडू किती वेगाने फिरला, खांदा किती अंशांत वळला, हे अठरा वर्षांच्या मुलाला सरावाच्या दिवशीच कळते. खेळाडूने कॉलेज निवडताना त्याचे घराणेही पाहावे. बंट आणि धाव यांवर जगणाऱ्या मुलाने कुंपणापार फटक्यांच्या संघात जाऊन बाकावर बसण्यात अर्थ नाही.

कॉलेजांचे प्रकार हा आणखी एक गुंता आहे. राष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे एनसीएएच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत साधारण तीनशे बेसबॉल संघ आहेत आणि टीव्हीवर दिसतात ते हेच. दुसऱ्या श्रेणीत शिष्यवृत्त्या कमी. तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती अजिबात नाही, तिथे मुलगा अभ्यासाच्या किंवा गरजेच्या निकषावर मदत मिळवतो आणि आवडीने खेळतो. येल आणि कोलंबिया ज्यात आहेत ती आयव्ही लीग पहिल्या श्रेणीत असूनही खेळाची शिष्यवृत्ती देत नाही. याखेरीज छोट्या कॉलेजांची एनएआयए ही वेगळी संघटना आहे. कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या सदर्न विद्यापीठाने १९५९ मध्ये तिचे अजिंक्यपद जिंकले, आणि त्या संघात पुढे मोठ्या लीगमध्ये गाजलेला लू ब्रॉक होता.

दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजे आपल्याकडे सहसा कुणाला ठाऊक नसतात. तिथल्या खेळाडूला तीन वर्षे थांबण्याचे बंधन नसते. मोठ्या लीगमध्ये गाजलेले अल्बर्ट पुहोल्स आणि ब्राइस हार्पर हे दोघेही याच वाटेने गेले. गुण कमी पडले, शरीर अजून भरायचे आहे, पैसे कमी आहेत, अशा मुलाला ही वाट अनेकदा मोठ्या विद्यापीठाच्या बाकापेक्षा बरी असते.

हवामानही प्रकार ठरवते. हंगाम फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होतो. तेव्हा फ्लोरिडात ऊन असते आणि मिशिगनमध्ये बर्फ. उत्तरेचे संघ पहिले काही आठवडे दक्षिणेत जाऊनच खेळतात. २०१९ मध्ये मिशिगनने अंतिम फेरी गाठली तेव्हा बिग टेन या उत्तरेकडच्या गटातला संघ १९६६ नंतर प्रथमच तिथे पोहोचला होता.

आता पैशांविषयी. सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. ‘मुलाला बेसबॉलची शिष्यवृत्ती मिळाली’ असे ऐकले की सगळा खर्च सुटला, असे आपण धरून चालतो. पहिल्या श्रेणीत कित्येक वर्षे एका संघाला मिळून फक्त ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत होत्या, आणि त्या बराच काळ जास्तीत जास्त २७ जणांत वाटल्या जात. कुणाला अर्धी, कुणाला पाव, उरलेल्यांना काहीच नाही. त्याच विद्यापीठाच्या फुटबॉल संघाकडे ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या असत. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा १९७२ चा टायटल नाइन कायदा आला, त्यानंतर मुलींच्या खेळांना त्यांचा न्याय्य वाटा देणे भाग झाले. फुटबॉलच्या संख्येला हात लावायची कुणाची तयारी नव्हती. तेव्हा मुलांच्या बाकीच्या खेळांना चिमटा बसला, आणि दोष मात्र कायद्याला दिला गेला.

जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या एका तडजोडीने हे गणित बदलले. ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांवरची शिष्यवृत्त्यांची मर्यादा उठली आणि तिच्या जागी खेळाडूंच्या संख्येची मर्यादा आली, बेसबॉलसाठी ३४. कागदावर आता सगळ्यांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. प्रत्यक्षात ती देण्याइतका पैसा थोड्याच कॉलेजांकडे आहे. शिवाय पूर्वी शिष्यवृत्तीविना, निव्वळ आवडीने संघात राहणाऱ्या कित्येक मुलांची जागा या मर्यादेत गेली.

कॉलेज पैसे देते आणि वेळ घेते. नियमाप्रमाणे हंगामात आठवड्याला वीस तासांहून अधिक सराव घेता येत नाही आणि एक दिवस सुट्टी द्यावी लागते. पण सामन्याचा अख्खा दिवस हिशेबात तीन तासच धरला जातो आणि प्रवास तर मोजलाच जात नाही. नियमित हंगामात ५६ सामने: शुक्रवार ते रविवार तीन, मध्ये मंगळवारी आणखी एक. गुरुवारी दुपारी बसमध्ये बसलेला मुलगा रविवारी रात्री खोलीवर परततो आणि सोमवारी सकाळी त्याचा रसायनशास्त्राचा तास असतो. त्यामुळे प्रयोगशाळेचे विषय किंवा अभियांत्रिकी निवडणाऱ्याला अडचण येते. काही प्रशिक्षक ती समजून घेतात, काही सोपे विषय सुचवतात. शिकवणीची सोय त्याला पास करण्यासाठी आहे की त्याला हवा तो विषय शिकता यावा यासाठी, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अभ्यासाची अट मात्र कागदावर कडक आहे. पहिल्या श्रेणीत यायला शाळेतले १६ मूलभूत विषय पुरे करावे लागतात. नंतर दुसरे वर्ष संपताना पदवीचा ४० टक्के, तिसरे संपताना ६० आणि चौथे संपताना ८० टक्के भाग पूर्ण असावा लागतो. खेळाडूंच्या प्रगतीत संघ मागे पडला तर संघालाच दंड होतो. या नियमांनी बेसबॉलमधली गळती रोखायला मदत केली, हे मान्य करायला हवे.

शरीराचा हिशेब वेगळा. पिचरचा खांदा आणि कोपर ही या खेळातली सर्वांत महाग आणि सर्वांत नाजूक वस्तू. कुमार रॉकरची कथा इथे सांगायला हवी, कारण त्याच्या आईचे आईवडील भारतातून अमेरिकेत गेले. २०१९ मध्ये व्हँडरबिल्टकडून खेळताना त्याने ड्यूक विद्यापीठाला एकही हिट मिळू दिला नाही आणि १९ फलंदाज स्ट्राइकआऊट केले. त्याच वर्षी ओमाहात तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. २०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडले, पण हाताविषयीच्या शंकेमुळे करार फिसकटला. पुढच्या वर्षी टेक्सास रेंजर्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले आणि २०२४ मध्ये तो मोठ्या लीगमध्ये उतरला. नावाजलेल्या खेळाडूला अशी दुसरी संधी मिळाली. कमी नावाच्या खेळाडूच्या खांद्यावर उपचार कोण करणार आणि किती दिवस, हे आधी विचारलेले बरे. पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांवर आता खेळ संपल्यानंतरही निदान दोन वर्षे अशा दुखापतींचा खर्च उचलण्याची जबाबदारी आहे. हा नियम ऑगस्ट २०२४ पासूनचा, म्हणजे अगदी अलीकडचा.

या विषयावर आत्ताच लिहिण्याचे कारण हेच, की गेल्या पाच-सहा वर्षांत जुनी घडी पार विस्कटली आहे. ड्राफ्ट ४० फेऱ्यांचा असे, तो आता २० फेऱ्यांचा आहे. मोठ्या लीगशी जोडलेले मायनर संघ १६० होते, ते १२० झाले. शाळेतून थेट व्यावसायिक होण्याची वाट अरुंद झाली आणि सगळी गर्दी कॉलेजांच्या दाराशी आली. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाच्या आणि प्रसिद्धीच्या जोरावर कमाई करता येते. एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणे ट्रान्स्फर पोर्टलमुळे सोपे झाले. पॉल स्कीन्स हवाईदलाच्या अकादमीत दोन वर्षे खेळला, तिथून लुइझियाना स्टेटला गेला, २०२३ चे अजिंक्यपद जिंकले आणि त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. दुसरा निवडला गेला तो त्याचाच सहकारी डिलन क्रूज.

स्कीन्ससाठी पोर्टल हे दार ठरले. पण हंगामाच्या शेवटी प्रशिक्षकाला बावीस वर्षांचा अनुभवी खेळाडू बाहेरून मिळत असेल, तर अठरा वर्षांच्या मुलाला हळूहळू घडवण्याचा धीर त्याने का धरावा? कॉलेज जी सर्वांत मोलाची गोष्ट देत होते ती तीन वर्षांची सावली, आणि आता तीच आखडते आहे.

संघ स्वतःही शाश्वत नसतो. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने, पहिल्या अजिंक्यपदाच्या मानकऱ्याने, २०१० मध्ये खर्च परवडत नाही म्हणून बेसबॉल बंद करायचे जाहीर केले. माजी खेळाडूंनी आणि चाहत्यांनी लाखो डॉलर उभे केले, संघ वाचला आणि २०११ मध्ये चक्क ओमाहाला पोहोचला. गोष्ट गोड शेवटाची आहे, पण त्या हिवाळ्यात संघातल्या मुलांनी काय करायचे होते, हा प्रश्न तिच्यात दडून राहतो.

हे पुस्तक मराठीत का, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत वाढणारी मुले लिटल लीगमध्ये खेळतात. त्यांतली काही पुढे जाऊ पाहतात, आणि आईवडील, विशेषतः आजीआजोबा, विचारतात की यातून मिळणार काय. दुसरीकडे इथून तिकडे शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना खेळाची वाट असते हेच ठाऊक नसते. त्यांच्यासाठी काही गोष्टी निराळ्या आहेत: आपल्या गुणपत्रिकांची एनसीएएकडून होणारी वेगळी तपासणी, आणि विद्यार्थी व्हिसावर असताना कमाईवर असणाऱ्या कडक मर्यादा. अमेरिकी सहकाऱ्याला मिळणारे जाहिरातीचे पैसे या मुलाला सहजासहजी घेता येत नाहीत.

या पुस्तकात उत्तम कॉलेजांची क्रमवारी नाही, आणि निवड होण्याच्या युक्त्याही नाहीत. प्रयत्न आहे तो देऊ केलेल्या प्रत्येक गोष्टीची दुसरी बाजू वाचण्याचा. शिष्यवृत्ती म्हटले तर किती वाटा, किती वर्षांसाठी आणि प्रशिक्षक बदलला तर पुढे काय. शिकवणी म्हटले तर कोणते विषय. काही ठिकाणी सौदा सरळ असतो, काही ठिकाणी आवळा देऊन कोहळा काढला जातो. दोन्ही ओळखता यावेत, एवढीच अपेक्षा. मी या व्यवस्थेचा विरोधक नाही. चांगल्या संघात चार वर्षे काढलेल्या मुलाला शिस्त, जिवाभावाचे मित्र आणि पदवी मिळते, आणि जगात फार कमी ठिकाणी खेळ व शिक्षण एका छपराखाली इतक्या गंभीरपणे चालतात.

म्हणून शेवटी एक सूचना. कॅम्पस पाहायला गेलात की ताकाला जाऊन भांडे लपवू नका. प्रशिक्षक नावाजलेल्या माजी खेळाडूंच्या तसबिरी दाखवतील, त्या पाहा. मग विचारा, की गेल्या वर्षी सर्वांत कमी सामने खेळलेला मुलगा आज कुठे आहे, त्याची पदवी झाली का, कोणत्या विषयात, आणि त्याच्याशी बोलता येईल का. ज्या कॉलेजात या प्रश्नाचे उत्तर चटकन आणि नावानिशी मिळेल, तिथे बाकीच्या गोष्टींवरही भरवसा ठेवायला हरकत नाही.